बटण दाबलं की झालं!

लखनौला येणारा मराठी माणूस काहीतरी करून दाखवायला येतो, अशी रीत आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे आले आणि त्यांच्या खटपटीने १९२६ साली इथे संगीताचं कॉलेज उभं राहिलं. आमच्या सांगलीकडचे, विटा-खानापूरचे गलाईवाले देशभरच्या सराफ्यांत पसरले आणि सोन्यातलं हीण वितळवून वेगळं काढू लागले. आमचे हे आंब्याच्या संशोधनाच्या नोकरीत आले. आणि मी लखनौपासून पंचवीसेक किलोमीटरवर, मलिहाबादेत बिऱ्हाड थाटून, भरतकामाचं मशीन विकत घेतलं.

यात करून दाखवण्यासारखं काय आहे, हे मलिहाबाद ठाऊक असलेल्यालाच कळेल. या गावाच्या दोनच ओळखी. बागेत दशहरी आणि ओसरीवर चिकनकारी. लखनौहून निळे ठप्पे मारलेल्या कापडाचे गठ्ठे मलिहाबाद-काकोरीकडच्या गावांत येतात, बायका चूल-भांडी उरकून ते भरतात आणि गठ्ठे परत जातात. आमच्या गल्लीत सुई न धरणारी बाई शोधत कुणी निघालं, तर लोक त्याला थेट माझ्या दारात आणून सोडतील. अशा गावात भरतकामाचं मशीन आणण्याला इकडे 'उलटे बाँस बरेली को' म्हणतात.

टेंपोतून खोकं उतरलं तेव्हा शेजारच्या खाला ओसरीवर कुर्ता भरत बसल्या होत्या.

"भाभी, इसमें क्या आया है?"

"कढ़ाई की मशीन है, खाला. अपने आप कढ़ाई करती है."

खालांनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अच्छा, अपने आप," त्या म्हणाल्या. "तो फिर आप क्या करेंगी?"

या प्रश्नाचं उत्तर पुढे मशीननेच दिलं. बाकीचं सगळं मी करायचं होतं.

घरी बसून कारखान्यासारखं भरतकाम करून देणारं मशीन जपानच्या जानोमे कंपनीने १९९० साली बाजारात आणलं. तेव्हा ती चैन होती. आता साधं घरगुती मशीन जुन्या स्कूटीच्या भावात मिळतं, आणि तेही हप्त्यांवर. 'परवडणारं' हा शब्द जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो आणि तो खोटा नसतो. मशीन परवडतंच. पण आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातली ही नुसती कोंबडी. मसाला अमीनाबादेत मिळतो.

वरचा धागा चाळीस नंबरचा, चकचकीत. बॉबिनचा साठ नंबरचा, वरच्याहून बारीक, म्हणजे तो मुकाट्याने खाली राहतो आणि वरच्याला मिरवू देतो. कापडाखाली लावायचा कागद तीन जातींचा: एक फाडून टाकायचा, एक कापून टाकायचा आणि एक पाण्यात विरघळवायचा. तिन्ही विकत घ्यायचे ते शेवटी घालवण्यासाठीच. सुया वेगळ्या, आणि आठेक तास चालल्या की बदलायच्या. वाकड्या टोकाची कात्री. कागद चिकटवायचा फवारा. अमीनाबादचे दुकानदार अदबीने एकेक वस्तू काढतात आणि प्रत्येक वस्तूबरोबर "इसके बग़ैर मशीन बेकार है" असं हळहळून सांगतात. सगळं घेऊन घरी यावं, तर बॉबिनी दुसऱ्याच मापाच्या निघतात. दुसऱ्या दिवशी बदलायला जावं तर गुरुवार. गुरुवारी अमीनाबाद बंद.

मशीनबरोबर एक पुस्तिका येते. तिची पहिली पानं मशीनने काय करू नये हे सांगण्यात खर्ची पडलेली असतात. त्यातल्या निम्म्या गोष्टी मला पुस्तिका वाचेपर्यंत सुचल्याही नव्हत्या. धागा ओवण्याचा रस्ता मशीनच्या अंगावर आकड्यांनी छापलेला असतो. एकातून खाली, दोनला वळसा, तीनवरून वर, चारच्या आकड्यात अडकवून पुन्हा खाली. अष्टविनायकांप्रमाणे यातला एकही टाळून चालत नाही. टाळला तर मशीन लगेच बोलत नाही. वरून सगळं सभ्य, नेटकं दिसतं. काही क्षणांनी खालून करकर ऐकू येते, कापड पाटाला घट्ट धरून बसतं आणि उचलू गेलं तर उचलत नाही. बॉबिनच्या पोटात धाग्याचं असं घरटं झालेलं असतं की त्यात एखादी सुगरणसुद्धा बिनतक्रार राहायला यावी. मग पाट उघडायचा, चिमट्याने एकेक तंतू ओढायचा, कापडाला भोक पडू न देता कात्री चालवायची. आपला संशय साहजिकच बॉबिनवर. गुन्हा मात्र वरच्या धाग्याचा असतो. तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. घोळ खाली दिसतो आणि त्याचं मूळ वर असतं, हे कळायला ज्यांची नोकरी झाली आहे त्यांना मशीन घ्यावं लागत नाही.

घरटं काढून झालं की नक्षीची निवड. मशीनच्या पोटात कंपनीने शंभरावर नक्ष्या भरून दिल्या होत्या. गुलाब होते, फुलपाखरं होती, शिडाची होडी होती, टेडी अस्वल होतं, बर्फाचा माणूसही होता. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर असताना मलिहाबादेत बर्फाचा माणूस उशीवर भरून घ्यायला धैर्य लागतं. नव्हती ती फक्त कुयरी. ज्या गावात पद्मश्री हाजी कलीमुल्लाह खाँ यांनी एकाच झाडावर तीनशेहून जास्त जातींचे आंबे लावले आणि एका जातीला आपल्या सचिनचं नाव दिलं, त्या गावात येऊन पडलेल्या यंत्राला आंबा ठाऊक नव्हता.

"मग इंटरनेटवरून चित्र घे आणि टाक," हे म्हणाले. शास्त्रज्ञ असूनही हे असं म्हणतात. मशीनला चित्र कळत नाही. त्याला कळतात फक्त आज्ञा: इतकं उजवीकडे, इतकं वर, टोच. पुन्हा इतकं डावीकडे, टोच. डीएसटी नावाची एक फाईल असते, ती कारखान्यांपासून घरापर्यंत बहुतेक मशीनांना वाचता येते. तिच्यात एका टाक्याला तीन बाईट मिळतात, त्यात सुई किती सरकली एवढंच मावतं. रंग लिहायची सोयच नाही. त्यामुळे अशी फाईल टाकली की मशीन पडद्यावर जांभळा आंबा आणि गुलाबी पान दाखवतं आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. चित्राची टाक्यांत फोड करणं हे निराळं शास्त्र आहे. त्यासाठी इंकस्टिच नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. ते फुकट आहे आणि त्याच्यापायी जाणाऱ्या रात्रीही फुकटच जातात. कुठे भरीव टाका, कुठे साटिन, कुठे नुसता धावदोरा, खाली पाया किती, टाक्यांची दाटी किती, सुई कुठून निघून कुठे संपणार, हे सगळं आपण ठरवायचं आणि मग मशीनला सांगायचं की तू अपने आप कर.

भातखंड्यांनी गावोगाव हिंडून उस्तादांच्या गळ्यातल्या चिजा स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' छापून त्या कुणाच्याही हातात ठेवल्या. पुस्तक हाती आलेला प्रत्येक जण गवई झाला नाही, हा दोष पुस्तकाचा नाही. माझी कुयरीची फाईलही बिनचूक होती. मशीनने ती अक्षरशः वाचली. खेळखंडोबा झाला तो मलमलीवर.

मलमल हे कापड टाका सोसतं, टोचणी सोसत नाही. साटिनचा टाका पडला की धागा आवळतो, धाग्याबरोबर कापड आवळतं, आणि गोल म्हणून काढलेला आकार अंड्यासारखा होतो. म्हणून जाणकार मुळात आकार थोडा फुगवून काढतात, म्हणजे आवळल्यावर तो गोल होतो. शिवाय कापडाखाली कागद, त्यावर फ्रेम कसून बसवायची, पण कापड ताणायचं नाही; फक्त सपाट धरायचं. 'घट्ट पण न ताणता' ही सूचना पुस्तिकेत एका ओळीत आहे. स्वस्त मशीनची फ्रेम चार इंच बाय चार इंच, म्हणजे कुर्त्याचा गळा भरायचा तर तो तुकड्यातुकड्यांनी. प्रत्येक तुकड्याला फ्रेम सोडायची, सरकवायची, पुन्हा बसवायची. दोन तुकड्यांतल्या वेलीची टोकं जुळली नाहीत की दोन्हीकडच्या मानपानातून विहिणी जशा तोंडं फिरवतात तशी ती वेल दिसते.

माझी पहिली मलमली कुयरी घेऊन मी खालांकडे गेले. खाला कुठलंही भरतकाम आधी उलटं करून बघतात. सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी असते, उलटी बाजू जाणणाऱ्यासाठी. त्यांनी कुयरी उलटी केली. मागे बॉबिनचा पांढरा धागा शिस्तीत उभा होता, कवायत केल्यासारखा. मग त्यांनी कापड बोटांत चुरगळून पाहिलं. कुयरी चुरगळली नाही. ती पुठ्ठ्यासारखी ताठ राहिली आणि तिच्याभोवती मलमलीला चुण्या पडल्या.

"इतना धागा?" खाला म्हणाल्या. "भाभी, कपड़े पर रहम कीजिए."

मग त्या स्वतः मशीन पाहायला आल्या. सोबत त्यांची सून, नातवंडं, आणि नातवंडांच्या मागे गल्ली. मशीन मिनिटाला साडेसहाशे टाके घालतं हे मी सांगितलं. मुलं खूश झाली. खाला सुईकडे एकटक बघत राहिल्या.

"ये सुई उस पार क्यों नहीं जाती?"

आजवर कुठल्याही मराठी पाहुण्याने हा प्रश्न विचारला नव्हता. हातातली सुई कापडाच्या आरपार जाते, उलट्या बाजूने पुन्हा वर येते. मशीनची सुई नुसती टोचून मागे फिरते. तिचं नेढं टोकाला असतं, ते धाग्याचा फास खाली नेतं आणि बॉबिनचा धागा त्या फासातून जाऊन अडकतो. सुरुवातीला असं नव्हतं. १८२८ साली म्यूलूझच्या जोसुए हाइलमानने भरतकामाचं पहिलं यंत्र काढलं तेव्हा त्याने माणसाच्या हाताचीच नक्कल केली होती. सुईला दोन्हीकडे टोक आणि नेढं मधोमध. दोन बाजूंचे चिमटे ती आळीपाळीने आरपार ओढायचे. पुढे १८४६ साली अमेरिकेत एलियास हाऊने टोकाला नेढं असलेली सुई आणि दोन धाग्यांच्या टीपेचं पेटंट घेतलं, आणि १८६३ साली स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोबलीने तीच युक्ती भरतकामाच्या यंत्रात घातली. वेग वाढला. पण त्या दिवसापासून यंत्राने हाताची नक्कल सोडली. ते आता वेगळंच काहीतरी करतं आणि ते हाताच्या कामासारखं दिसावं एवढीच इच्छा धरतं.

खालांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि दाराजवळच्या उजेडात बसून कुर्ता पुढे सुरू केला. मुर्री घालत होत्या. कापड डाव्या तर्जनीवर पसरलेलं. फ्रेम नाही, कागद नाही. एकाच जागी धागा आत-बाहेर करत तांदळाच्या दाण्याएवढं फुगीर टपोरं काहीतरी उमटलं आणि सुई पुढच्या पाकळीकडे गेली. नंतर कापड उलटं करून त्यांनी बखियाचं पान घेतलं. यात तिरप्या टाक्यांची गुंफण कापडाच्या पाठीवर होते आणि पुढून मलमलीतून तिची नुसती सावली दिसते. माझ्या मशीनला पाठ हा प्रकारच माहीत नाही. जाळीत तर खाला कापडाचा एकही धागा न कापता ताणेबाणे सुईने बाजूला सारतात आणि मधली भोकं टाक्यांनी आवळून बसवतात. मशीनला भोक सांगितलं तर ते भोक पाडतं.

लखनौ चिकनला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात मशीनचं चिकनही ढिगाने मिळतं आणि विकणारा दोहोंकडे सारख्याच प्रेमाने बोट दाखवतो. घेणाऱ्याने खालांसारखं उलटं करून बघावं.

मशीन हाताळायला जमू लागलं की एक काळ येतो, त्याला मी सुई अंगात येणं म्हणते. घरात जे कापड दोन मिनिटं एका जागी पडेल त्यावर नक्षी उमटते. नॅपकिन झाले, अभ्रे झाले, वॉशिंग मशीनचं कव्हर झालं. आपल्या आया-मावश्यांनी दोन पोपट आणि मधे 'स्वागतम्' भरून दारावर टांगलं होतं, टीव्हीला झालरीचं कव्हर घातलं होतं, ते रक्तात असतं; मशीन त्याला फक्त मिनिटाला साडेसहाशेचा वेग देतं. यांच्या प्रयोगशाळेच्या कोटावर मी दशहरी भरली. डीएसटीच्या कृपेने ती जांभळट झाली होती. दिल्लीहून आलेल्या एका बड्या साहेबांनी ती पाहून हा नवा वाण कधी काढलात असं विचारलं म्हणे. तेव्हापासून हे कोट कपाटात कुलपात ठेवतात.

तेवढ्यात बातमी सांगलीला पोचते. माहेरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो टाकायचा मोह आवरत नाही आणि मग मागण्या सुरू होतात. सगळ्या मागण्यांचं शेवटचं वाक्य एकच असतं: "तुला काय, बटण दाबलं की झालं!" वहिनीला मुंजीच्या उपरण्यावर बटूचं नाव हवं असतं. आत्याला डोहाळजेवणाच्या साडीवर पाळणा. काकांना गणेश मंडळासाठी टोप्या हव्या असतात, नावासकट. सपाट मशीनवर टोपी बसत नाही, तिला वेगळी फ्रेम लागते आणि ती स्वस्त मशीनला जोडता येत नाही, हे काकांना समजावताना माझा आवाज खालच्या पट्टीत राहिला, हे माझं माहेरचं वळण.

नावांची गोष्ट आणखी निराळी. मशीनमध्ये अक्षरं होती, पण सगळी इंग्रजी. मराठी नाव हवं तर ते चित्र म्हणून चढवायचं. 'चि. श्रीरंग' एवढं लिहायला घेतलं. अक्षरं सुटी सुटी काढली आणि प्रत्येकाला आपापली शिरोरेषा दिली, तर कापड ओढलं जाऊन शिरोरेषा जिन्यासारख्या चढत जातात. 'श्री' तळमजल्यावर आणि 'ग' माळ्यावर. म्हणून आधी अक्षरं भरून मग वरून एकच शिरोरेषा ओढायची, अगदी शाळेत बाईंनी शिकवलं होतं तशी. यंत्रयुगाने मला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवलं.

रंग बदलण्याचं काम तर पूर्णच माझं. एका सुईच्या मशीनला दहा रंगांचा मोर सांगितला की दर रंगाला ते थांबतं आणि पुढची रीळ मागतं. दहा हजार टाके म्हणजे हिशेबाने पंधरा मिनिटं. त्यात धागा तुटणं, बॉबिन संपणं, वीज जाणं, वीज येणं आणि इन्व्हर्टरचं कुरकुरणं मिळवलं की दुपार सरते. आणि दर वेळी मशीन सांगतं. हे त्याचं मला सगळ्यात आवडलेलं वैशिष्ट्य. ते कुढत नाही. धागा तुटला की टुंटुं वाजवून थांबतं आणि पडद्यावर स्वच्छ लिहितं: वरचा धागा तपासा. बॉबिन आटत आली की लिहितं: बॉबिनचा धागा संपत आला आहे. त्याला हवं ते दिल्याशिवाय एक टाका पुढे घालत नाही. गल्लीतल्या पोरांना या सूचना पाठ झाल्या; जेवायला हाक मारली की खालांचा नातू "बॉबिन ख़तम!" ओरडत घरी पळतो.

खाला ऐकत असतात. त्यांची टुंटुं कुणी ऐकलेली नाही. चष्म्याचा नंबर वाढला, बोटाला सुईचे घट्टे पडले, पाठ धरली, तरी टाका चालूच. मजुरी नगावर; ती किती थोडी असते हे इथे गुपित नाही. कापडावर डाग निघाला की त्यातूनही कापून घेतात. याच कारणाने १९८४ साली लखनौत 'सेवा' ही बायकांची संस्था उभी राहिली. ती उभी करणाऱ्या रूना बॅनर्जींना २००७ साली पद्मश्री मिळाली. पण प्रत्येक ओसरीपर्यंत संस्था पोचत नाही. ओसरीपर्यंत ठेकेदार पोचतो.

लग्नसराईच्या तोंडावर तो आला. नेहमीपेक्षा मोठा गठ्ठा, नेहमीपेक्षा कमी मुदत आणि दर नेहमीचाच. मी माझ्या खिडकीत मोराची सातवी रीळ ओवत होते. खालांनी गठ्ठा सोडला नाही. चष्मा काढून पुसला.

"भैया," त्या शांतपणे म्हणाल्या, "बॉबिन का धागा ख़तम होने वाला है."

"आपके यहाँ बॉबिन कहाँ है, खाला?"

"हमारे यहाँ नहीं है, इसीलिए बताना पड़ रहा है."

ठेकेदार चतुर माणूस. त्याने माझ्या खिडकीकडे पाहिलं, मशीनचा आवाज ऐकला आणि लगेच हिशेब मांडायला माझ्याकडे आला. मशीन कितीला पडलं? मी सांगितलं. त्याचे डोळे चमकले. एवढंच? मग मी त्याला बाकीचं सांगायला बसवलं. चाळीस नंबर, साठ नंबर, तीन जातींचे कागद, सुया, फवारा, वाकडी कात्री, चार इंची फ्रेम, गुरुवारचं अमीनाबाद, मलमलीच्या चुण्या, जिन्यासारखा श्रीरंग आणि न भरता आलेली मुर्री. मधेच मशीन टुंटुं करून थांबलं. "अब क्या हुआ?" त्याने विचारलं. "हरा धागा मांग रही है," मी म्हटलं. "आप बैठिए, दस मिनट लगेंगे."

तो बसला नाही. खालांच्या ओसरीवर जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलला आणि खालांनी गठ्ठा आत घेतला. नगामागे पाच रुपये वाढले होते. मशीन घरात आल्यापासून त्याने मिळवून दिलेली ही पहिली कमाई, आणि ती बरोबर जिथे जायला हवी होती तिथेच गेली. ग्रुपवर मी हे लिहिलं तर काकांचा निरोप आला: म्हणजे टोप्या होतील ना?